घड्याळाची उलटी बाजू

बारा वर्षांपूर्वी मी लखनौहून एक स्विस घड्याळ आणलं आणि बारा वर्षं सोलापुरात त्याची शेखी मिरवली. यंदाच्या थंडीत पुन्हा लखनौला गेले आणि त्याच घड्याळाची उलटी बाजू बघून आले. लोक लखनौला जातात, इमामबाडा बघतात, भूलभुलैयात वाट चुकतात आणि अर्ध्या तासात बाहेर येतात. मला बाहेर यायला बारा वर्षं लागली, त्यामुळे माझं प्रवासवर्णन जरा मागून सुरू करावं लागतं.

थोरल्या शैलाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. आमचे जावई अरविंदराव मूळचे साताऱ्याचे, पण लखनौच्या एका संशोधन संस्थेत झाडापाल्यावर काम करणारे. मुलगी एवढ्या लांब द्यायची तर घर बघून यावं, म्हणून मी आणि आमचे हे, दोघं गेलो. खिडक्यांना जाळ्या आहेत, नळाला पाणी आहे, एवढं बघून घराबद्दल माझं समाधान झालं. उरलं जावयाचं घड्याळ. अंगठी सोलापूरच्या सोनाराकडे टाकली होती, पण घड्याळ फॉरिनचंच द्यायचं असं मी मनाशी घेतलं होतं. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या ऐन वयाची.

रिक्षावाल्याने आम्हाला आधी चौक नावाच्या जुन्या बाजारात नेलं. गोल दरवाज्याच्या आत एका गल्लीत रिझवी साहेबांचं घड्याळाचं दुकान होतं, आपल्याकडच्या भिंतीतल्या कपाटाएवढं. त्यांनी माझ्यापुढे एक जुनं घड्याळ ठेवलं. एका घरातून विकायला आलेलं आहे, आतलं मशीन मी स्वतः पुसलं आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. डायल जुन्या पोथीच्या कागदासारखं पिवळसर, चारच्या आकड्याजवळ केसाएवढा ओरखडा, आणि मधोमध कंपनीचं तीन पाकळ्यांचं फूल. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तेव्हा मला ते म्हणता येत नव्हतं आणि आता म्हणायची लाज वाटते.

मी ते घड्याळ उचललं, कानाशी नेलं आणि नारळ घेताना हलवतात तसं हलवलं. आत काही वाजेना. टिकटिक होती, पण शेजारच्या घरात कुणी दबकत चालावं तशी.

“अच्छी मशीन शोर नहीं करती, बहनजी,” रिझवी साहेब म्हणाले.

माल मऊ असला की दुकानदार असंच बोलतो, असं मला वाटलं. शिवाय दुसऱ्याने उतरवलेलं घड्याळ जावयाच्या हातात, तेही लग्नात? मी पदर सावरून उठले.

अमीनाबादच्या एका वऱ्हांड्यात मग मला हवं ते मिळालं. हातात चामडी पेटी घेतलेला एक गोड बोलणारा माणूस. त्याच्याकडे तेच तीन पाकळ्यांचं फूल, पण नवंकोरं. सोन्यासारखं झगझगीत, निळ्या मखमलीच्या डबीत बसलेलं. डायलवर छापलं होतं, आत पंचवीस माणकं आहेत म्हणून. आणि टिकटिक अशी खणखणीत, की तीन पावलांवर छत्री घेऊन उभ्या असलेल्या ह्यांनाही ऐकू आली. आमचे हे कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, “परत त्या म्हाताऱ्याकडे जाऊ. उघडून बघू दे त्याला.”

“शुभकार्याची वस्तू आहे,” मी म्हटलं. “जावयाच्या हातात पडायच्या आधी उघडायची नसते.”

हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते विचारू नका. ते शास्त्र मी तिथेच, अमीनाबादच्या वऱ्हांड्यात, उभ्या उभ्या रचलं. मग भाव केला. तो माणूस कळवळला, पोराबाळांची नावं घेऊ लागला, शेवटी अर्ध्याहून खाली आला आणि वर डबी फुकट दिली. परत येताना रिक्षात मला त्या बिचाऱ्याची दया येत होती.

अलीगंज

आता यंदाचं. धाकट्या नंदाचं लग्न वैशाखात ठरलंय. थोरल्या जावयाला स्विस घड्याळ दिलं, मग धाकट्याला देशी दिलं तर चार बायका काय म्हणतील? तेव्हा पुन्हा लखनौ. ह्यांचे गुडघे आता प्रवासाला नाही म्हणतात, म्हणून मी एकटीच निघाले, सोबत पाच किलो शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा. गाडीबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की ती उशिरा पोचली.

स्टेशनवर अरविंदराव उभे होते. कडाक्याची थंडी, सगळ्यांचे हात खिशात. एकट्या आमच्या जावयाने स्वेटरची बाही वर सारली होती आणि मनगटावर माझं घड्याळ झळकत होतं. झळकत म्हणजे, कडेचं सोनं जाऊन खालचं पिवळं दिसत होतं, पण ते लखनौच्या हवेने, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

अलीगंजात त्यांचं घर आहे. सकाळी आठला सगळ्या गल्लीतल्या स्कूटर एकदम खोकायला लागतात. नात मुक्ता नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. आपण म्हणावं, “जेवलीस का गं?” तर म्हणते, “हाँ आजी, कब का.” तिची आई पोळीला पोळी म्हणते आणि भाजीला सब्जी, आणि दोघींचं छान चालतं. पहिल्या दिवशी मी थोडं टोकलं, दुसऱ्या दिवशी मीही भाजीवाल्याला “भैया, मटर कैसा दिया” म्हणाले आणि वर सोलापुरी ठसक्यात “मेरेकू ताजा होना” असंही म्हणाले. भैया अजून मला लांबून नमस्ते करतो.

त्या मुक्तानेच मला पहिली पुडी सोडली. म्हणाली, “आजी, आप आती हो न, तभी पापा ये घड़ी निकालते हैं.”

मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, देवाच्या भांड्यासारखं जपलंय. शैलाकडे बघितलं तर ती कुकरची शिट्टी झालेली नसताना कुकरकडे धावली.

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं की रविवारी अमीनाबादला जाऊ, तो माणूस शोधू, तसंच दुसरं घेऊ. अरविंदराव भाकरी खात होते. सोलापूरची कडक भाकरी घशात अडकते खरी, पण एवढी नाही. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, आई, आधी चौकात जाऊ. माझं घड्याळ जरा सर्व्हिसिंगला द्यायचंय. आणि तिथे नंदासाठी चिकनची साडीही बघता येईल.

चिकन म्हणजे भलतं समजू नका. ते लखनौचं भरतकाम, पांढऱ्यावर पांढरं. माझ्या विहीणबाईंना मी पत्रात “चिकन घेतलं” असं लिहिलं होतं, तर त्यांनी श्रावण पाळता ना, असं उलट विचारलं.

चौक

रविवारी सकाळी निघालो. मी स्कूटरवर मागे, शाल चाकात जाऊ नये म्हणून पोटाला गच्च बांधलेली, तरी एक टोक सुटलंच आणि हजरतगंजाच्या अलीकडे आम्ही चार माणसांना थांबवून ते चाकातून काढून घेतलं. शालीला भोक पडलं. त्या चार माणसांपैकी एकाने शाल माझ्या हातात देताना तिचीच माफी मागितली असावी, इतकं ते शहर अदबशीर आहे. आमच्याकडे असतं तर आधी मला दोन शब्द ऐकवले असते आणि मग शाल काढली असती. काढली असती, हेही खरं.

चौकात पोचल्याबरोबर अरविंदरावांनी मक्खन मलाई खायला घातली. ही फक्त थंडीत मिळते. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा पहाटे घुसळून काढलेला पिवळसर फेस, वर केशर आणि पिस्ते. द्रोणातून तोंडात घातला आणि तोंड मिटेपर्यंत नाहीसा. मी दुकानदाराला म्हटलं, तुम्ही लोक हवेला साखर लावून विकता. तो म्हणाला, “जी, मौसम बेचते हैं.” आमच्या सोलापुरात असल्या उत्तरावर गिऱ्हाईक भांडलं असतं. मी दुसरा द्रोण घेतला.

मग चिकनचं दुकान. इथे मला थोडं स्वतःचं कौतुक करू द्या, पुढे फारशी सोय नाही. दुकानदाराने गादीवर साडी पसरली, हातकाम आहे, सहा महिने लागलेत, वगैरे. मी साडीचं तोंड बघितलंच नाही. कोपरा धरला आणि पालथी केली. मी सोलापूरची. आमच्या गल्लीत चार घरं सोडून मागांचा खडखडाट चाले. चादर असो की साडी, तोंड कुणालाही नटवता येतं, खरं खोटं मागच्या बाजूला कळतं, हे आम्हाला पाळण्यात कळतं. त्या साडीची पाठ एकसारखी होती, एका मापाचे टाके, एका मापाचे दोरे. माणसाचा हात कधीतरी दमतो, हा दमलाच नव्हता.

“ये मशीन का है, भैया,” मी म्हटलं.

त्याने शांतपणे साडीची घडी केली, आतल्या कपाटातून दुसरी आणली आणि उलटीच पसरली. मागच्या अंगाला दोरे असे आडवेतिडवे, की पुढच्या बाजूला नुसती सावली दिसावी. ती मी घेतली. बाहेर आल्यावर मी अरविंदरावांना म्हटलं, आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय. ते हसले नाहीत. म्हणाले, “चला, रिझवी साहेबांकडे.”

मी गल्ली ओळखली. दुकान तेवढंच होतं, रिझवी साहेब निम्मे झाले होते. दाढी पांढरी, बोटं मात्र तशीच लांब आणि स्थिर. त्यांनी मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. अरविंदरावांनी घड्याळ काढून त्यांच्या पुढे ठेवलं आणि ज्या सलगीने रिझवी साहेबांनी ते बाजूला सारलं, त्यावरून एवढं कळलं की त्या दोघांची भेट पहिली नव्हती.

“दामाद साहब बता रहे थे, आपने अभी चिकन पहचाना,” ते मला म्हणाले. ते चहा सांगायला गेले तेव्हा अरविंदराव त्यांच्या कानाशी लागले होते, ते हे होतं तर. “कैसे पहचाना?”

“उलटा करके,” मी म्हटलं. छाती अजून फुगलेलीच होती.

“तो इन्हें भी कर लीजिए.”

त्यांनी दोन घड्याळं पालथी ठेवली. एक स्वतःच्या मनगटावरून उतरवलेलं, दुसरं अरविंदरावांचं. दोन्हींची मागची झाकणं उघडली, डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि स्वतः चहा ओतू लागले. पुढे काही बोलले नाहीत. एका बाईने दिलेली वस्तू, तिच्या जावयासमोर, नकली आहे असं त्या माणसाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. लखनौची ही रीत मला तेव्हा समजली. तिथे चूक दाखवत नाहीत, चुकीच्या समोर नेऊन बसवतात आणि चहा देतात.

भिंग डोळ्याला नीट बसायलाच वेळ लागला. मग पहिल्या घड्याळाचं पोट दिसलं. दाण्याएवढी लाल माणकं, ज्याच्या त्याच्या घरट्यात. पितळी पट्ट्यांवर बारीक समांतर रेघा, कुणीतरी एकेक करून ओढलेल्या, जिथे कधी कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा. स्क्रूंची डोकी आरशासारखी. कोरलेली अक्षरं आणि नंबर, कडा कशा धारदार. चाक असं हळुवार हलत होतं की झोपलेल्या मुलाची छाती आठवली.

दुसऱ्या घड्याळाच्या पोटात आधी दिसलं एक पत्र्याचं कडं. आतलं मशीन लहान आणि डबा मोठा, म्हणून मधली जागा भरायला घातलेलं. मिठाईच्या खोक्यात तळाला रद्दी भरतात ना, तसं. स्क्रूंच्या डोक्यांवर पकडीचे ओरखडे. अक्षरं ठोकून काढलेली, फुगलेली, रांगोळीच्या छाप्यासारखी. आणि माणकं? मी भिंग पुसून पुन्हा लावलं. पंचवीस लिहिलेली होती. मला एक सापडलं, तेही बहुतेक काच असावी.

वरची बाजू बघायची गरज नव्हती, तरी मी दोन्ही सुलटी केली. आता तोंडावरही दिसत होतं. खऱ्याचा मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांना जाऊन टेकत होता, नकलीचा अलीकडेच थांबत होता. बारा वर्षं मी ते तोंड बघत होते. पण खऱ्याचं डायल बघताना माझा हात थांबला. पिवळसर कागदाचा रंग. चारच्या आकड्याजवळ केसाएवढा ओरखडा.

“ये तो वोच है,” मी म्हटलं.

रिझवी साहेबांनी कप माझ्यापुढे सारला. “आपने नहीं ली, तो हमने बाँध ली. बहनजी, इतने साल में सिर्फ़ तेल माँगा इसने.” मग म्हणाले, “लोग कान से लेते हैं, दाम से लेते हैं. नारियल की तरह हिलाकर आपके सिवा किसी ने नहीं देखा.”

म्हणजे ओळखलं होतं. अरविंदराव खाली मान घालून बिस्किट मोडत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना. तिघं एवढ्याशा दुकानात इतके हसलो की शेजारचा अत्तरवाला डोकावून गेला.

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात घड्याळ सारखं बंद पडायला लागलं, अरविंदराव इथे आले, रिझवी साहेबांनी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. म्हणाले होते, साहब, इसे पहनिए, चलाइए मत. तेव्हापासून ते घड्याळ मी येणार असले किंवा सोलापूरला यायचं असलं, की बाहेर निघे. ऑफिसला अरविंदराव जात ते आपल्या सरकारी कारखान्याचं साधं घड्याळ घालून.

“मला सांगायचं नाही होय?” मी विचारलं.

“कसं सांगणार, आई? सोलापूरच्या स्टेशनवर तुम्ही हमालालासुद्धा दाखवलं होतं ते.”

दाखवलं होतं. हमालाने हात पुसून बघितलं होतं.

मी रिझवी साहेबांना विचारलं, हे विकाल का. नंदाच्या नवऱ्यासाठी हवंय. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. बाजारात आता सेलवाली घड्याळं आली, त्यांना किल्लीही द्यावी लागत नाही, पोरं तीच मागतात, आपले डोळेही आता दुपारनंतर साथ देत नाहीत, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, “जिसने पेट देखकर पहचानी, उसको दूँगा.” किंमत सांगितली.

मी भाव केला नाही. सोलापूरच्या माझ्या मैत्रिणींनी हे वाक्य दोनदा वाचावं. उलट पिशवीतली शेंगाचटणीची पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यात पाणी आणलं आणि म्हणाले, “ये शोर करती है.”

परत अलीगंज

येताना स्कूटरवर मी मोठ्या ऐटीत बसले होते. खरं घड्याळ माझ्या पर्समध्ये, खरं चिकन मांडीवर, आणि दोन्ही मी स्वतः पारखलेलं. वैशाखातला मांडव डोळ्यांपुढे दिसत होता, नंदाच्या नवऱ्याचा हात, आणि चार बायकांचे चेहरे.

घरी आल्यावर अरविंदराव हात धुवायला गेले. नकली घड्याळ त्यांनी सवयीने परत बांधलं होतं, ते काढून कोनाड्यात ठेवलं. मनगटाभोवती हिरवट कडं उमटलं होतं, खालची कातडी सोलवटलेली. मी येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस त्यांनी बाही वर सारून ते मिरवलं होतं, माझ्यासाठी. मी कुठलं शास्त्र रचून त्या माणसाच्या हातात पितळ बांधलं होतं?

मी पर्स उघडली. “हात पुढे करा.”

“आई, ते नंदाच्या…”

“हात पुढे करा म्हणते ना.”

शैला दारात आली. तिने माझ्या हातातलं घड्याळ बघितलं, नवऱ्याचा हात बघितला आणि हळूच विचारलं, “मग नंदाच्या त्यांना काय देणार?”

“सरकारी कारखान्याचं. बिल, गॅरंटी आणि झाकण उघडून बघितलेलं.”

“आणि बायका?”

“बायकांना मी बघून घेईन.”

अरविंदरावांनी ते पिवळसर डायल बराच वेळ न्याहाळलं. कानाशी नेलं. मला भीती वाटली की आता हलवतात की काय, पण ते नुसतं ऐकत राहिले. मुक्ता मधे घुसली, तिनेही कान लावला आणि म्हणाली, “पापा, ये तो बोलती ही नहीं.”

“बोलती है,” ते म्हणाले. “धीरे.”

कोनाड्यातलं नकली घड्याळ मी माझ्या मनगटावर बांधलं. आतून चिंधी लावून. त्याला किल्ली दिली तर ते अजूनही तीन पावलांवर ऐकू जातं.

सोलापूर

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “उघडून बघितलंस?”

“बघितलं.”

“बरं झालं,” एवढं म्हणून पुन्हा पेपर उघडला. पण पेपरच्या वरून मला त्यांचे कान दिसत होते, आणि आमचे हे हसले की त्यांचे कान हलतात.

भिशीतल्या बायकांनी माझं मनगट पहिल्याच दिवशी हेरलं. फॉरिनचं का? मी म्हटलं, डायल वाचा की. त्यांनी वाचलं, पंचवीस माणकं. हात लावून बघितला, कानाशी नेलं, किती छान वाजतं म्हणाल्या. दोघींनी तर हलवूनही बघितलं. मी सगळ्यांना बघू दिलं. एकीलाही मागची बाजू बघावीशी वाटली नाही, आणि या मागांच्या गावातल्या बायका, बरं का.

परवा नंदाचा होणारा नवरा चहाला आला होता. बँकेत आहे, फारसं बोलत नाही. कप खाली ठेवताना त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. थोडा वेळ काटे बघत राहिला. मग संकोचून म्हणाला, “आई, जरा काढून देता? मागचं झाकण उघडून बघायचंय.”

मुलगा अस्सल आहे. नंदाने बरोबर निवडलाय. घड्याळ मात्र मी दिलं नाही.

“आता नको,” मी म्हटलं. “शुभकार्य होईपर्यंत उघडायचं नसतं.”